चिवट मासे
सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणाऱ्या केंद्रावर मी ऑपरेटर आहे. त्या पाण्याच्या टाकीत मासे पोहताना दिसले की तपासणीला येणारे साहेब खूश. पण मासे टिकत नसत. मग तपासणीच्या आदल्या दिवशी बायकोला सांगायचो, "टाकी भरलेली दिसायला हवी, आणखी चार मासे आण." ती वारल्यावर पहिल्यांदाच मी बरणी घेऊन माशांच्या दुकानात गेलो. "नेहमीचे चिवटच देऊ ना, दादा?" तिची बरणी ओळखून दुकानदाराने विचारलं. "चिवट?" "वहिनी म्हणायच्या, 'घाणीत तग धरणारे दे रे बाबा, ह्यांचे सगळे मरतात. पण मला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नकोस, मान खाली घालतील.'" मला त्याच्याकडे बघवेना. रिकामीच बरणी घेऊन परतलो. सकाळी साहेबांना टाकीत उलटे तरंगणारे मासे दिसले. "अहो, हे कधी मेले?" "दर महिन्याला मरतात, साहेब."