बगलफूट

"मावशी, थांब!"

संध्या ओल्या हातांनीच बाल्कनीत धावली. कुंडीतल्या पानांच्या बेचक्यातून एक लहानसा कोंब डोकावत होता. तो कलाबाई मावशीच्या चिमटीत सापडला होता. अजून तुटला नव्हता.

"अगं, बगलफूट फुटलीय," मावशी म्हणाली. "खुडते. मूळ झाडाचा रस खाईल ती."

मावशीचा जन्म निफाडकडच्या द्राक्षबागेत गेला. वेलीच्या बगलेत आगंतुक फुटवा दिसला की तिची नखं आपसूक पुढं व्हायची. काल आल्या आल्या तिनं भाचीचा सगळा बगीचा एका नजरेत निकालात काढला होता. पांढऱ्या काठांचा होया, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं अँथुरियम, दुधाळ पट्ट्यांची पीस लिली. "लय भुरी पडलीय गं पानांवर! गंधक मारत नाय का?" तो रोग नव्हे, पानांचा मुळातलाच पांढरा रंग, म्हणून संध्या पोट धरून हसली होती.

आज तिला हसू आलं नाही. बगलफूट. हा शब्द तिच्या कानावर किती वर्षांनी पडला होता.

आई गेली तेव्हा संध्या पुरती बोलायलाही शिकली नव्हती. मावशीनं तिला कडेवर घेऊन आपल्या घरी आणलं. मावशीची सासू बागेच्या बांधावर उभी राहायची. "कला, बगलफूट वेळेवर खुडावी. नायतर वेल उपाशी राहतो," म्हणायची. बघायची मात्र संध्याकडं. मावशी उलटून बोलत नसे. जेवताना संध्याच्या ताटात गुपचूप अर्धी भाकर जास्त सरकवायची. पण कुणी विचारलं, ही कोण गं, तर नजर चुकवून सांगायची, "ताईची पोर." घडाचे मणी विरळ करताना मावशी ओव्या गुणगुणायची. त्या ओव्यांत तिचा लेक चंदर यायचा, चंदरचा घोडा यायचा, त्याची न आलेली नवरीसुद्धा यायची. संध्या वेलीच्या सावलीत कान देऊन बसायची. तिचं नाव कधी आलं नाही.

"हे फूल बघ, मावशी." संध्यानं कुंडी उजेडाकडं वळवली. आफ्रिकन व्हायोलेट. पानांना पांढरा काठ. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध जांभळा पट्टा, जशी जत्रेतली भिंगरी. "याचं पान मातीत खोचलं तर झाड येतं, पण भिंगरी जाते. फूल साधं एकरंगी निघतं. भिंगरी पुढं न्यायची तर ही बगलफूटच लागते. किती वाट बघितली मी हिची."

मावशीनं चिमटी सोडली. निजलेल्या लेकराच्या मुठीतून बोट सोडवावं, तशी.

"मंग खुडायची नाय व्हय?"

"अलगद वेगळी करायची. तिची तिला माती द्यायची."

दुपारी फुलझाडांचं प्रदर्शन होतं. तिथं झाड एकखोडी मांडायचं, म्हणून संध्यानं कोंब धारदार पात्यानं सोडवला आणि चहाच्या जुन्या कपात लावला. रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली, गचके खात पुढं सरकली. कुंडी संध्याच्या मांडीवर, कप मावशीच्या पदराखाली. मावशी वाटभर पदर सारून कोंबाकडंच बघत होती.

पहिलं बक्षीस एका ऑर्किडला गेलं. भिंगरी दुसरी आली. पण गर्दी हटेना ती भिंगरीपाशी. लोक वाकून बघत होते, फोटो काढत होते, पुन्हा वळून येत होते. संध्याची मान आपोआप ताठ झाली.

"कमाल केलीत हो!" चष्मेवाल्या एक बाई म्हणाल्या आणि मावशीकडं वळल्या. "आजी, ही तुमची लेक का?"

संध्यानं चटकन खाली बघितलं. सरळच असलेली कुंडी ती पुन्हा सरळ करू लागली. 'ताईची पोर' ऐकताना तिचे हात नेहमी असंच काहीतरी काम शोधायचे.

मावशीनं पदराखालचा कप काढला आणि कुंडीशेजारी मांडला. डोईवरचा पदर नीट केला. मग तिचा खरबरीत पंजा संध्याच्या पाठीवर आला.

"लेक नाय," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बगलफूट हाय माझी!"