इथली ड्यूटी

मेळघाटात छत्तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी करून किसनराव निवृत्त झाले. त्यांची मुलगी रश्मी अमरावतीत डॉक्टर. ती त्यांना दक्षिण आफ्रिकेच्या जंगलात पाच दिवस पायी फिरायला घेऊन गेली.

"तिथं मानूस सोताले नव्यानं भेटते म्हनतात, बाबा."

"मले मी रोजच भेटतो," किसनराव म्हणाले. पण गेले.

पहिल्या सकाळी बंदूक घेतलेली लिंडिवे नावाची वाटाडी पुढे आणि तिच्या मागे एका ओळीत सगळे निघाले. किसनराव मात्र सारखे ओळ सोडून वाकत होते. इथून गेंडा गेला, ही फांदी आजच मोडली, असं सांगत होते. रश्मी ते इंग्रजीत सांगायची आणि दर वेळी ते बरोबर निघायचं. शेवटी लिंडिवे हसली. "तुझ्या बाबांना सांग, इथली ड्यूटी माझी आहे. त्यांनी नुसतं चालावं."

किसनराव ओळीत परतले आणि पुन्हा वाकले नाहीत. त्यांच्या मनाला लागलं असावं, असं रश्मीला वाटलं. अर्ध्या तासाने ते वाटेतच थबकले, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून. तिने घाबरून त्यांची नाडी धरली.

"काई नाई झालं वं," ते वर बघतच म्हणाले. "छत्तीस वर्सं जंगलात खाली पाहूनच हिंडलो. कुठं पायाचा ठसा, कुठं तोडलेलं खोड. झाडाले शेंडा बी असते, हे आज पाहून राहिलो."