सागाच्या फळीवरची सासू

दुसरबीडच्या सत्यभामाबाईंचा धाक असा, की आळीतला कोंबडासुद्धा आधी त्यांचा चेहरा बघायचा आणि मगच आरवायचा. त्यांची सून कोकिळा लग्न होऊन आली ती घरातच अडकली. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात; पण त्या सणालाही तिला कधी माहेरी धाडलं नाही. मन मोकळं करायला एकच जागा, जातं. दळताना गाण्यातून सासूला काहीही म्हणावं, सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं करावं, ही जुनी रीत.

पण भिंतीपलीकडे राहणाऱ्या चित्रकलेच्या मोतीराम मास्तरांनी ती गाणी कान देऊन ऐकली. एकेका गाण्याचं चित्र सागाच्या फळीवर कोरलं, निळी शाई फासून कागदावर उठवलं आणि बासष्ट साली, एक मे रोजी, शाळेत ओळीनं टांगलं.

सासूमागोमाग कोकिळा तिथं गेली आणि एका चित्रापुढं थबकली. चित्रात उंबरा अडवून बसलेली सासू, आणि आत गाठोडं घेऊन उभी सून. गाणं तिचंच! अखजी तोंडावर आलेली. आता माहेर सोडाच, जात्यावरचं गाणंही बंद होणार.

सत्यभामाबाई चित्रापुढून हलेनात. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मास्तर, हे तं हुबेहूब माही सासू व्हय! मरेपर्यंत मले माहेरी जाऊ देल्लं नाई तिनं."

कोकिळेच्या जिवात जीव आला. हळूच म्हणाली, "आत्याबाई, मंग यंदा अखजीले मी जाऊ?"



"काऊन?" सत्यभामाबाईंनी डोळे पुसले. "मी गेलती काय?"