ड्रिंक्स घेणारे

“दारुड्याला मी वाडीत ठेवत नाही. उद्यापासून येऊ नको,” तात्या म्हणाले आणि त्यांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

लक्ष्या ओट्याच्या पायरीशी मान खाली घालून उभा होता. सकाळी तो ताडी पिऊन कामावर आला होता आणि चिकूचा भरलेला क्रेट त्याच्या हातून सांडला होता.

रविवारची दुपार. तात्यांच्या मुलाचे, भावेशचे, दोन मित्र वापीहून आले होते. गुजरातेत दारूबंदी, म्हणून ते अधूनमधून डहाणूला येत. सगळ्यांच्या ग्लासांत बर्फ होता.

तात्यांची बायको बकुळा तळलेल्या बोंबलांची ताटली घेऊन ओट्यावर यायला निघाली आणि दारातच थांबली.

“अहो, दारुडा म्हणजे कोण?”

“जो पितो तो. तू आत जा.”

“मग हे काय चाललंय?”

भावेश हसला. “आई, याला ड्रिंक्स घेणं म्हणतात. सोशल ड्रिंकिंग. ते ताडीचं वेगळं.”

“आणि मराठीत काय म्हणतात?”

भावेशने मित्रांकडे पाहिलं. मित्र बोंबलांकडे पाहत होते.

“सांग ना. दर सोमवारी सकाळी मोरीतली उलटी मी पुसते. ती काही इंग्रजीत नसते.”

“बकुळा!” तात्या ओरडले. उठायला गेले, पण तोल जाईल म्हणून खुर्चीचा हात सोडवेना.

चारचौघांत बकुळा त्यांना असं कधीच बोलली नव्हती. ती लक्ष्याकडे वळली.

“आणि तू रे? पुन्हा पिऊन वाडीत दिसलास तर मीच हाकलीन. आज घरी जा, झोप. उद्या सकाळी कामावर ये.”

“पण शेठ नको बोलले ना, बाय.”

“मी ये म्हणतेय.”

लक्ष्याने एकदा तात्यांकडे पाहिलं. तात्या ग्लासातला बर्फ हलवत बसले होते. तो वाडीच्या फाटकाकडे चालू लागला.

बकुळा आत गेली. मोरीतलं फडकं आणून तिने टेबलावर ग्लासांच्या मधोमध ठेवलं.

“आज तुमचं तुम्ही पुसा.”

ताटली अजून तिच्याच हातात होती. ओट्याच्या टोकाला झोपाळा होता. ती त्यावर जाऊन बसली, पायाने हलकासा झोका घेतला आणि त्या चौघांच्या देखत एकेक बोंबील खाऊ लागली.