परदेशी गेलेल्याचं नाव

"तुमचा मुलगा आठ वर्षं परदेशात आहे, आजी. त्याला या घरात मोजता येत नाही," जनगणनेवाला तिसऱ्यांदा खेकसला. "माझी लेकही तिकडेच. तिचं नावसुद्धा मी आज सकाळीच खोडलं."

"अहो, पण तो आत अंघोळ करतोय! कान फुटले का तुमचे?" म्हातारी कडाडली.

बंद न्हाणीघरात खरंच कुणीतरी पाणी ओतत शीळ घालत होतं.

"असेल कुणी पाहुणा. नियम म्हणजे नियम!" त्यानं दातओठ खात मुलाच्या नावावर काट मारली.

शीळ मध्येच तुटली. न्हाणीघराचं दार हळूच उघडलं. आतली फरशी ठणठणीत कोरडी होती.

म्हातारी त्याच्याकडे वळली. "आणि मघाशी म्हणालात ती तुमची लेक हो? ती कुठल्या देशात असते?"

"लेक?" तो भडकला. "काहीतरीच काय बोलता! मला मूलबाळच नाही."