वस्तादांचा फळा

शंकररावांनी शाल पांघरवायला हात उचलला आणि उकंडरावांनी तो वरच्या वर धरला.

"नारळही आणला असन?"

"आणलाय की. पेढेही आहेत. कंपनीला तुमचा सत्कार करायचाय, वस्ताद."

"मंग कंपनीले सांगा, मी अजून मेलो नाई."

तालमीच्या ओट्यावरची माणसं खोखो हसली. शंकररावही हसले. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. उकंडरावांनी तोंड फिरवलं.

शंकरराव धनुष्यं बनवणाऱ्या कंपनीचे माणूस. चीनची लढाई झाल्यापासून गावोगावच्या तालमींना जोर चढला होता. पिंपळगाव राजा या गावात लाठ्या, लेझीम, मुद्गल विकणाऱ्या इंद्रभाननं या कंपनीची एजन्सी घेतली होती. घेतली खरी, पण मधे फळा होता.

तालमीच्या भिंतीवरचा हा फळा उकंडरावांचा. दुकानात नवा माल आला की कंपनीनं पाठवलेला नमुना आधी वस्तादांच्या घरी जायचा. मग वस्ताद खडूनं आपलं मत लिहायचे. कोणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पार मोताळ्याकडून बाजाराला आलेला माणूसही आधी फळा वाची आणि मग दुकानाची पायरी चढे.

सध्या फळ्यावर होतं:

*कंपनीचे धनुष्य, लाल.*
*चाळीस बाणांत खालचा जोड उकलतो.*
*घेऊ नये.*

"आमच्या कारखान्यात हजार बाण मारून बघतात," शंकरराव म्हणाले. "एकदा आमच्यासमोर मारून दाखवा ना."

"वस्तादाचा सराव म्हंजे तमाशा नाई. तो पहाटे असते, आन एकट्याचा असते. माह्या वस्तादाले बाण मारताना मीबी कधी पाह्यलं नाई."

हे खरं होतं. तालमीची रीतच तशी. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

शंकरराव तेच हसू तोंडावर ठेवून इंद्रभानकडे वळले. "फळा पुसला गेला नाही, तर दिवाळीच्या आत एजन्सी परत घेऊ. आणि तुझ्या लाठ्या-लेझीम ज्या व्यापाऱ्याकडून येतात, तो आमच्या साहेबांचा मेहुणा आहे. सहज सांगितलं हो."

इंद्रभानचा चेहरा राखेसारखा झाला. दुकानाशिवाय त्याला काही नव्हतं. ना शेत, ना शिक्षण. उकंडराव उठले आणि पेढ्यांचा पुडा त्यांनी कुत्र्यांपुढे रिकामा केला. खडू घेतला.

*कंपनीचा माणूस येऊन गेला.*
*पेढे आणले होते.*
*धनुष्य तेच आहे.*

या तीन ओळी खामगावपर्यंत गाजल्या.

पंधरवड्यानं इंद्रभान वस्तादांच्या दारात उभा राहिला. काखेत लांबट पुडकं.

"वस्ताद, कंपनीनं दुसरा नमुना धाडला. हिरवा. जोड बदलला म्हंते."

"रंग बदलला असन."

"मले काय समजते? माह्यं मनगट माल इकणाऱ्याचं, धनुष्य ओढणाऱ्याचं नाई." त्यानं पुडकं दोन्ही हातांनी पुढं धरलं. "एक डाव पाहा. चांगलं असन तं तसं लिहा. मी तरून जाईन."

"आन नसन तं?"

"नसन तं दुकान बंद करतो. खोटा माल इकून भाकर गोड लागत नाई मले."

उकंडरावांनी पुडकं घेतलं. कागदाबाहेरही रोगणाचा उग्र दर्प येत होता. त्यांच्या जिभेला कडू पाणी सुटलं. यंत्राच्या पोटातून पडलेलं धनुष्य! ज्याच्या बांबूला कोणी धुरावर वाळवलं नाही, ज्याला कोणा माणसानं गुडघ्यावर वाकवलं नाही, बोलून बोलून मऊ केलं नाही. आणि ते विकायला अत्तर लावलेला माणूस.

"मागची खोली झाडून घ्याची हाये," त्यांच्या पत्नी अंबूबाई आतून म्हणाल्या.

"राहू दे वं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तालमीपुढं गर्दी जमली.

*कंपनीचे धनुष्य, हिरवे.*
*साठ बाण टिकले. मग तडकले.*
*घेऊ नये.*

इंद्रभाननं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग माल परत धाडण्यासाठी बैलगाडी सांगायला गेला.

तालमीसमोरच्या इंद्रभानच्या दुकानातून माल परत न्यायला शंकरराव स्वतः आले. या खेपेला अत्तर नव्हतं.

"अरे, असा हट्ट करू नकोस. आधीचं लाल असेल कच्चं, मी नाही म्हणत नाही. पण या हिरव्यात खरंच खोट नाही रे. दुकान कशाला घालवतोस?"

"साहेब, तुमचं धनुष्य मी पाह्यलं नाई. वस्तादाले पाह्यलं हाये."

"चाल बे अत्तरवाल्या!" ओट्यावरून कोणीतरी ओरडलं. शंकरराव गाडीवर चढले. जाताना त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे ओठ चावले.

त्या आठवड्यात दुकानाला कुलूप लागलं. इंद्रभानला खामगावच्या जिनात कापसाचे गठ्ठे उचलायचं काम मिळालं. निघताना तो वस्तादांच्या पाया पडायला आला. बायको सुभद्राबाई रस्त्यातच थांबली होती. ती काही आत आली नाही.

"तिले राग हाये," इंद्रभान म्हणाला. "मले नाई. कोण्या लेकराच्या हातात ते तडकलं असतं, डोळा गेला असता, तं मी कुठं तोंड दाखवलं असतं? तुमी वाचवलं मले."

उकंडरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माणूस हायेस तू, लेका. बाकी सगळा बाजार."

तो वळणाआड जाईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग कंपनीच्या नावानं रस्त्यावर थुंकले, चूळ भरली, मागच्या खोलीचं दार लोटलं आणि हिरव्या धनुष्याचं पुडकं लाल धनुष्याच्या पुडक्याला लागून उभं केलं. त्यामागं आणखी कितीतरी वर्षांची, कितीतरी कंपन्यांची पुडकी भिंतीला टेकून उभी होती. कागद, सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेची मोहोर.

एकाचीही लाख फुटलेली नव्हती.