आवडत्या दहांतला पहिला

“नववा आणि आठवा यांची अदलाबदल केली तर कोणाचं काही बिघडेल का?” समीक्षकाने विचारलं.

“पाच वाजेपर्यंत कळवायचंय,” बायको म्हणाली. “सबटायटलच्या कंपनीतली नोकरी घ्यायची तर एक तारखेला त्यांच्या शहरात हजर व्हायचं. तू येतोयस, की मी एकटी जाऊ?”

“म्हणजे नाही बिघडणार,” समीक्षक म्हणाला आणि अदलाबदल केली.

जेवणाच्या टेबलाची वाटणी जुनी होती. तीन बाजू समीक्षकाच्या. त्यांवर यादी पसरली होती: सरत्या वर्षातले माझे आवडते दहा सिनेमे. उरलेल्या कोपऱ्यावर बायकोचा लॅपटॉप. परदेशी सिनेमांना मराठी सबटायटल लिहिणं हे तिचं काम. समीक्षक त्याला टायपिंग म्हणायचा. चारचौघांत विचारलंच कोणी, तर “ती कॉम्प्युटरवर असते” एवढं सांगून विषय बदलायचा.

वर्षभरात त्याने एकशे चाळीस सिनेमे पाहिले होते. आवडला एकही नव्हता. आवडणं हा प्रेक्षकांचा प्रांत, असं त्याचं मत होतं, आणि प्रेक्षकांविषयीचं त्याचं मत छापण्यासारखं नव्हतं. तरी यादी द्यावी लागते, म्हणून त्याने एक पद्धत बसवली होती. दहावा क्रमांक लोकांनी पाहिलेल्या सिनेमाला. पाहुण्यांच्या पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसा. सातवा त्याला झोपेत आवडला होता. चौथ्यात रंग नव्हते, एवढं पुरेसं होतं. दुसऱ्यात एक माणूस पावणेदोन तास विहिरीत बसून राहतो. समीक्षकाने लिहिलं होतं, ‘विहिरीने कमालीचा संयत अभिनय केला आहे.’ शेवटची नामावली सुरू झाली की तो उठायचा. कोणी काय केलं ते वाचत बसणं त्याला पोस्टमनचं काम वाटायचं.

“पावणेपाच,” बायको म्हणाली.

“पहिला तेवढा राहिलाय. ऐक.” त्याने घसा साफ केला आणि वाचायला घेतलं. “कुठल्याशा थंड बेटावरचे हे नवरा-बायको. पूर्वार्ध सामान्य. उत्तरार्धात मात्र बायको तोंड उघडते आणि बाकीचे नऊ सिनेमे पोरकट वाटू लागतात. ती म्हणते, ‘या घरात माझ्यापेक्षा खुर्चीची जास्त चौकशी होते; ती मोकळी आहे का, एवढं तरी तिला विचारतात.’ ती म्हणते, ‘ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा तू म्हणालास, दोन मिनिटं थांब. मी अजून थांबलेय.’ असं लिहायला त्या बेटावरच जन्माला यावं लागतं. आपल्याकडच्या बायकांना हे सुचणं शक्य नाही.” त्याने कागद खाली घेतला. “कसं आहे?”

“खुर्चीचं वाक्य लांबलंय,” बायको म्हणाली. “दोन ओळींत बसवताना जीव गेला.”

“तू पाहिलायस हा?”

“मी लिहिलाय. संवादांचं इंग्रजी भाषांतर कंपनी पाठवते, त्यावरून मी मराठी करते. या वेळी उत्तरार्धाचं म्हणून त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यावरच्या माहितीपटाचं पाठवलं. फोन केला, तर म्हणाले, मुदत उद्याची आहे, काहीतरी घाला, कोण वाचतंय. ती भाषा मला ओ की ठो कळत नाही. ते दोघं बहुतेक बोट विकायची की नाही ते ठरवतायत.”

समीक्षकाने यादीकडे पाहिलं. मग बायकोकडे; तिचा नंबर यादीनंतरचा होता.

“आणि मग हे सगळं तुला सुचलं?”

“सुचायचं काय त्यात? याच टेबलावर बोललेय तुला. खुर्चीचं तर तीनदा. ऑपरेशनचं मार्चमध्ये.”

“कसलं ऑपरेशन?”

“झालं ते. शेजारच्या काकू आल्या होत्या.”

समीक्षक विचारात पडला. विचार संपल्यावर त्याने पेन उचललं, सिनेमा पहिल्यावरून दुसऱ्यावर आणला आणि समासात कारण लिहिलं: संवाद अस्सल नाहीत. पण आता पहिल्यावर विहीर येत होती, आणि विहिरीबद्दल त्याच्याकडे एकच वाक्य होतं.

“शेवटच्या प्रसंगाचं काय?” त्याने विचारलं. “तो तर दिग्दर्शकाचाच असेल ना? बायको विचारते, ‘मी उद्या गेले तर तू काय म्हणशील?’ नवरा मिनिटभर त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आणि पडद्यावर खाली एक अक्षर उमटत नाही. त्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिलाय. ‘प्रेक्षकाच्या तोंडावर दार लावण्याची ही हिंमत.’ शब्द तुझे असू देत. ते खालचं मौन त्याचं असेल, तर त्याला पहिला ठेवता येतो.”

बायकोने घड्याळ पाहिलं. पाचला दोन मिनिटं होती. तिने समीक्षकाकडे पाहिलं आणि ती दोन्ही मिनिटं त्याला दिली. समीक्षक परिच्छेदातला एक स्वल्पविराम काढत होता.

मग तिने कंपनीला मेल लिहिला. ‘येते आहे. राहायची सोय एकटीची करावी.’ पाठवला. लॅपटॉप मिटला, चार्जर काढून गुंडाळला आणि खुर्ची नीट आत सरकवली.

“काय ते सांग लवकर,” समीक्षक म्हणाला. “संपादक थांबलेत.”

“नाही, ते पण माझंच,” बायको म्हणाली. “तो नट तिथे भरपूर बोलतो. पण तू काय म्हणशील ते मला सुचेना, म्हणून मोकळं सोडलं.”